दोर हलला की गूळ

“खालच्याला विचारलं का?”

मीटिंगमध्ये काहीही ठरलं की बाई हा प्रश्न विचारायच्या आणि विचारताना बोट खाली जमिनीकडे करायच्या. एकदा एका नव्या इंजिनिअरनं खरंच टेबलाखाली वाकून बघितलं होतं. बाई हसल्या नाहीत. “तिथं न्हाई हो. खड्ड्यात. खड्ड्यात माणसं हायेत आपली,” म्हणाल्या आणि त्याच्या हातातला नकाशा त्यांनी स्वतःकडे ओढून घेतला.

आधी माझं सांगतो. मी जुन्नरचा. येडगावच्या बाजूला धरणाच्या फुगवट्यावर मोठ्या पुलाचं काम चालू होतं, तिथं मी कंपनीचा स्टोअरकीपर होतो. हेल्मेटपासून खिळ्यापर्यंत जे लागेल ते माझ्या पत्र्याच्या शेडमधून सही करून न्यायचं. अशा जागी बसणाऱ्याला एक खोड लागते. आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटायला लागतं. मलाही लागली होती, आणि ती एका माणसाला चांगलीच नडली. ते पुढे येईलच.

बाई कंपनीच्या सुरक्षा अधिकारी. अवसरी बुद्रुकहून रोज स्कूटीवर यायच्या. पन्नाशीला टेकलेल्या, बुटक्या, सलवार-कमीजवर नारिंगी जाकीट, पायात जाडजूड बूट आणि खांद्याला कापडी पिशवी. कामगार बहुतेक झारखंड, बिहार, ओडिशाकडचे. ते त्यांना मॅडमजी म्हणत. आम्ही ऑफिसातले तोंडावर मॅडम म्हणायचो आणि पाठीमागं नुसतं ‘बाई’.

त्यांचं हिंदी ऐकण्यासारखं होतं. “डरनेका नहीं. कुछ दिखा तो बोलनेका. बाकी मैं देखती.” समोरच्या माणसाला त्यातलं हिंदी कळायचं की हातवारे, देव जाणे. पण कळायचं एवढं खरं.

आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना समजलं की सगळ्या कामगारांची आधार कार्डं ठेकेदारानं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत स्वतःकडे ठेवलीत. माणसं आणणारा तो, राबवून घेणारी कंपनी. बाई त्याच्या खोलीवर गेल्या. ठेकेदार म्हणाला, “मॅडम, ही लोकं हरवतात, म्हणून जपून ठेवलीत.” बाईंनी हात पुढे केला. “मग तुमचंबी द्या माझ्याकडं. हरवंल.” तो हसला. बाईंचा हात तसाच पुढे. चहा गार झाला तरी हात खाली येईना, तेव्हा पिशवी बाहेर आली. कार्डं ज्याची त्याच्या खिशात गेली आणि प्रत्येकाला माझ्या स्टोअरमधून कुलपाचा एक खण मिळाला.

मेसचंही तसंच. सगळ्यांना आपल्याकडची आमटी-चपाती लावून दिली होती आणि अन्न उरतं म्हणून साइटचे मोठे साहेब वैतागले होते. बाईंनी बोट खाली केलं. विचारल्यावर कळलं, कामगारांना भात हवा, मोहरीचं तेल हवं, दुसरं काही नको. एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला तीन महिने लागले होते.

आता दोराचं. पुलाच्या पायासाठी नदीकाठी खोल खड्डे घेतले होते. आत सहा-सात माणसं, वर क्रेन, काँक्रीटच्या गाड्या, जनरेटर. बाईंनी साहेबांना विचारलं, “वॉकीटॉकी कुणाच्या कमरंला हाय?”

“सुपरवायझरच्या.”

“तो कुठं असतो?”

“वर.”

“मग खालच्याकडं काय हाय?”

“ओरडेल की तो!”

“गाडी चालू असताना तुमी एकदा खालनं ओरडून बगा. मी वर हुबी राहते, ऐकू येतंय का सांगते.”

साहेब काही खाली उतरले नाहीत, पण दोर मंजूर झाला. खड्ड्याच्या तळापासून वरच्या खांबापर्यंत नायलॉनचा दोर, आणि वरच्या टोकाला घंटा. घंटा बैलाच्याच गळ्यातली पाहिजे असा बाईंचा हट्ट. ती आणायला मी जुन्नरच्या बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, “पावणं, बैल केवढा हाय?” मी म्हणालो, “चाळीस टनाचा. क्रेन हाय.” त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मोठ्यातली मोठी घंटा काढून दिली.

नियम सोपा. घंटा वाजली की क्रेन थांबणार, गाड्या थांबणार, सगळं थांबणार. कारण नंतर विचारायचं. इथपर्यंत ठीक होतं. पण दोर हलवणारा वर आला की त्याला गुळाचा खडा द्यायचा, असंही बाईंनी लिहून दिलं.

मी अडलो. “मॅडम, हेल्मेट, बूट, हातमोजे. यात गूळ कुठं बसवू?”

“बुटाशेजारी बसवा. पर डबा घट्ट झाकणाचा घ्या, मुंग्या लागतील.”

त्या दिवसापासून मी त्यांचं नाव ‘गूळमॅडम’ ठेवलं. ऑफिसात ते लई गाजलं. मी खूश होतो स्वतःवर.

दोन महिने घंटा वाजली नाही. गुळाला पाझर सुटला. दोर हलवणाऱ्याची बॅग भरली जाईल, असं ठेकेदारानं खोल्यांवर सांगून ठेवलं होतं म्हणे. बाईंना ते ठाऊक होतं. रोज एकदा त्या खड्ड्याच्या काठाशी उकिडव्या बसायच्या, दोराला दोन हिसके द्यायच्या आणि खालून उलटे दोन हिसके येईपर्यंत उठायच्या नाहीत. ऊन असो, धुरळा असो. ती बसलेली बाई आणि तिच्या हातातला दोर मला अजून डोळ्यांपुढे दिसतो.

आणि मग एका सकाळी घंटा वाजली.

बाई त्या दिवशी साइटवर नव्हत्या. कामगारांच्या नोंदणीसाठी जुन्नरच्या कचेरीत गेल्या होत्या. मी हातमोजे द्यायला खड्ड्याकडे आलो होतो. क्रेन थांबली, गाड्या थांबल्या, खालची माणसं भराभर शिडीनं वर आली. शेवटी आला तो सोमरा. झारखंडचा, काटकुळा, कमी बोलणारा. दोर त्यानंच हलवला होता. म्हणाला, “साहब, दीवार से पानी आ रहा है.”

इंजिनिअर उतरले. भिंत खरंच ओली होती. सगळीकडे तपासलं. बराच वेळ गेला. शेवटी निघालं काय, तर शेजारच्या खांबावर पाणी मारायचा पाइप कुणीतरी चालू ठेवला होता आणि त्याच्या सांध्यातून ओघळ खाली येत होता. तोवर दोन गाड्यांमधलं काँक्रीट घट्ट होऊन वाया गेलं.

साहेब तणतणत आले. सगळ्यात जवळ मी उभा होतो, म्हणून मला विचारलं, “काय होतं रे?”

मी म्हणालो, “काही नाही साहेब. पाइपचं पाणी. घाबरला असेल गडी.” आणि हसलो. मी हसलो म्हणून सुपरवायझर हसला, तो हसला म्हणून बाकीचे. सोमरा हेल्मेट हातात धरून बुटांकडे बघत उभा होता.

दुपारी बाई आल्या. आल्या आल्या खड्ड्यापाशी बसल्या, दोराला दोन हिसके दिले. खालून काहीच आलं नाही. पुन्हा दिले. नाहीच. त्यांनी वाकून पाहिलं, तर खालचे सगळे मान खाली घालून काम करत होते आणि त्यांच्यात सोमरा नव्हता. ठेकेदारानं त्याला बॅग भरायला लावून नारायणगावच्या एसटी स्टँडकडे लावून दिलं होतं. ‘भित्रा माणूस कामाचा नाही, सगळेच हसले,’ असं सांगून.

बाई माझ्या शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “भाऊ, गाडी काढा.”

मोटरसायकलवर थोडं अंतर गेल्यावर मागून आवाज आला, “साहेबाला तुमी काय सांगितलं?”

मी सांगितलं. हसलो तेही सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, सगळ्या साइटनं पाहिलं होतं. कालव्याचा पूल ओलांडला. मग बाई बोलल्या ते सलग.

“माझा बाप विहिरी खोदायचा. आंबेगावात निम्म्या विहिरी त्याच्या हातच्या हायेत. आमी जयभीमवाले. विहिरीला पाणी लागलं की पैला घोट माझ्या बापाचा, कारण खाली तोच असायचा. वर आला की त्यालाच पाणी वरनं वाढायचे.” त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

“आई वर दोर धरून बसायची. एक दिवस बापानं दोर हलवला. यारी थांबली.” यारी म्हणजे विहिरीतली माती वर ओढायचं यंत्र. “त्याला दगड हलल्यावानी वाटला व्हता. वर येऊन समद्यांनी बगितलं, काय बी नव्हतं. मालक हसला. भित्री भागूबाई म्हनला. मग समदीच हसली. दुसऱ्या दिशी तोच दगड सुटला. बापाला आधी कळलं व्हतं, भाऊ. हात दोराला लागला व्हता त्याचा. पर परत हसतील म्हणून हलवला न्हाई.”

मी मान वळवली.

“पुढं बगा. पाय गेला. जीव राहिला. तवापासनं आई विहिरीवर गुळाची पुडी घेऊन बसायची. कुणीबी दोर हलवू दे, खरा हलवू दे, खोटा हलवू दे. वर आला की गूळ. आन हसणाऱ्यालाबी द्यायची. म्हनायची, तोंडात गूळ असला की हसायला जागा राहत न्हाई.”

मला लाज वाटली. साधी, सरळ लाज. मी दोन महिने ज्या गुळावर विनोद करत होतो, तो एका बाईनं आपल्या नवऱ्याच्या पायाच्या बदल्यात शोधून काढलेला होता.

स्टँडवर सोमरा बॅगेवर बसला होता. बाई त्याच्या शेजारी बाकावर बसल्या आणि पिशवीतून पुडी काढली. “ले.”

तो उठून उभा राहिला. “मॅडमजी, गलती हो गया. पानी पाइप का था.”

“पाइप का था, वो नीचेसे दिखता क्या?”

“नहीं.”

“तेरेको क्या दिखा?”

“पानी.”

“तो बराबर है. पानी दिखा, पानी बोला. खा.”

त्यानं खडा घेतला, पण तोंडात घातला नाही. “ठेकेदार फिर निकाल देगा.”

“आदमी ठेकेदारने लाया. खड्डा कंपनीका है. खड्डेमें जो उतरता, वो मेरा.”

तेवढ्यात पुण्याची गाडी लागली. कंडक्टर ओरडू लागला. सोमरानं बॅग उचलली आणि तो गाडीकडे बघू लागला. जायचं भाडं खिशात, गावी आई, आणि इथं सगळे हसलेले. मी त्याच्या जागी असतो तर चढलो असतो. बाई त्याला ओढणार नाहीत हेही दिसत होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते.

मग मी बोललो. “सोमरा भाई, पहले मैं हँसा. मेरा गलती है. साहब को मैं बोलेगा.” माझं हिंदी बाईंपेक्षा काही बरं नाही. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, गूळ तोंडात टाकला, आणि गाडी त्याला न घेता निघून गेली.

आता पंचाईत अशी की मोटरसायकल एक आणि माणसं तीन. मी म्हणालो, “बसू तिघं, किती लांब आहे!” बाई माझ्यावर असल्या खेकसल्या की सांगता सोय नाही. “मी सुरक्षा अधिकारी हाय! तुमी पुढं व्हा ह्याला घेऊन. मी वडापनं येते.” आणि खचाखच भरलेल्या जीपमध्ये त्या कशाबशा शिरल्या. ते कितपत सुरक्षित होतं हे विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यामुळे गेटवर सोमराला घेऊन मला एकट्यालाच उभं राहावं लागलं. ठेकेदार आडवा आला. “याला कुणी आणलं?” मी म्हणालो, “मी.” आयुष्यात इतका छोटा शब्द मला इतका जड कधी गेला नव्हता. वडाप येईपर्यंत आम्ही तिघं उन्हात एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

साहेबांच्या केबिनमध्ये बाई बसल्या नाहीत. “साहेब, ह्याला घालवायचं तर आधी दोर काढा. दोर ठेवायचा आन हलवणाऱ्याला घालवायचं, हे न्हाई जमायचं. आन दोर काढला तर खड्ड्यात माणूस उतरवायच्या कागदावर मी सही करणार न्हाई.”

“दोन गाड्या वाया गेल्या, मॅडम. वरून मला विचारतायत.”

“गेल्या. माणसं हायेत ना?”

साहेब माझ्याकडे वळले. “तू तर म्हणालास काही नव्हतं.”

“म्हणालो साहेब,” मी म्हणालो. “पण मी वर उभा राहून म्हणालो. तो खाली होता.”

साहेब वाईट माणूस नव्हता. घाईत असलेला माणूस होता, आणि साइटवर बहुतेक वाईट गोष्टी घाईतलीच माणसं करतात. त्यांनी थोडा वेळ पेन टेबलावर आपटलं. मग हेल्मेट उचललं. “चला, खालच्यांना विचारू.”

त्या दिवशी साहेब पहिल्यांदा शिडीनं खड्ड्यात उतरले. आम्ही वरून बघत होतो. क्रेन, गाड्या, जनरेटर सगळं बंद ठेवलेलं, म्हणून खालचं बोलणं ऐकू येत होतं. साहेबांनी विचारलं, “तुम लोगों को पानी दिखता, तो दोर हिलाते?”

त्यांच्यातला एक वयस्कर माणूस म्हणाला, “कल तक हिलाते, साहब. अब नहीं.”

साहेबांनी मान वर करून पाहिलं. तिथून वरचं काय दिसतं ते मला माहीत आहे, कारण नंतर मीही एकदा उतरून पाहिलं. थोडंसं आभाळ दिसतं, आणि वरच्यांच्या बुटांचे तळवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून साहेबांनी सांगितलं, घंटा वाजवली म्हणून इथून कुणी जाणार नाही. आणि मॅडमच्या सहीशिवाय ठेकेदार कुणालाही साइटवरून काढणार नाही. काढलं तर ठेकेदार जाईल. ते नुसतं बोलले नाहीत, ठेकेदाराच्या करारात घातलं आणि हिंदीत टाइप करून मेसच्या दारावर लावलं. मग माझ्या डब्यातला गूळ त्यांनी स्वतःच्या हातानं सोमराला दिला. बाईंनी डबा पुढे सरकवला, तेव्हा आम्हा हसणाऱ्यांनाही एकेक खडा घ्यावा लागला. साहेबांना शुगर होती. त्यांनीही घेतला. ठेकेदारानं घेतला आणि कडू कारलं खाल्ल्यासारखं तोंड करून गिळला.

त्यानंतर घंटा वाजायला लागली. कधी खड्ड्यात धामण आली म्हणून, कधी बांबू करकरला म्हणून, एकदा कुणाचा तरी मोबाइल पडला म्हणून. प्रत्येकाला गूळ. एकानं गंमत म्हणून दोर हलवला, त्यालाही बाईंनी खडा दिला आणि नंतर अर्धा तास त्यांच्या हिंदीत समजावलं. पुन्हा कुणी गंमत केली नाही.

आणि एकदा माती रोखून धरणारा पत्रा खरंच वाकला होता. घंटा वाजली, माणसं वर आली, थोड्या वेळानं ती बाजू ढासळली. खाली कुणीच नव्हतं. कुणाला काही झालं नाही. असली बातमी कुठं छापून येत नाही, म्हणून मी इथं लिहून ठेवतोय.

पूल झाला. बाईंना कंपनीनं विदर्भात दुसऱ्या कामावर पाठवलं. शेवटच्या दिवशी त्या स्टोअरमध्ये आल्या, जाकीट आणि बूट परत केले, आणि गुळाच्या डब्याचं झाकण घट्ट आहे का ते दाबून पाहिलं. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, “ताई, मी तुम्हाला गूळमॅडम म्हणायचो.” मॅडमची ताई कधी झाली ते माझं मलाच कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “ठाऊक हाय की. चांगलं नाव हाय.” आणि स्कूटी चालू केली.

आता माझं काम आंबेगावात, मंचरच्या पलीकडे आहे. पाण्याच्या मोठ्या टाकीसाठी पाया चालू आहे. बाई इथं नाहीत. पण दोर आहे, जुन्नरच्या बाजारातली तीच घंटा आहे, आणि वर दोरापाशी बसतो सोमरा. कंपनीनं त्याला आता त्याच कामावर नेमलंय. तो रोज दोन हिसके देतो आणि उलटे दोन आल्याशिवाय उठत नाही.

परवा ओडिशाहून नवी माणसं आली. दुसऱ्याच दिवशी घंटा वाजली, सगळं थांबलं. वर आला तो नवा गडी, घामानं डबडबलेला, आता कोण रागावतंय म्हणून चहूकडे बघणारा. खाली काय होतं? बेडूक. अंधाऱ्या कोपऱ्यातून पायावर उडाला होता.

सोमरानं डबा उघडला. “खा ले. यहाँ का कायदा है.”

“किसका कायदा?”

“मॅडमजी की माँ का,” सोमरा म्हणाला. त्यानं त्या माऊलीला कधी पाहिलेलं नाही. मीही नाही.

बेडूक म्हटल्यावर माझ्या ओठांवर हसू येऊ लागलं होतं. सोमरानं माझ्याकडे पाहिलं, डब्यातून एक खडा उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला.